कुपीतलं तेल म्हणजे नेमकं काय?

वाचकाचं पत्र

आमच्या मंडळीच्या तरुण संघात येत्या रविवारी दहा कुमारींच्या दाखल्यावर (मत्तय २५:१–१३) अभ्यास घ्यायची पाळी माझ्यावर आली आहे. वेळ चाळीस मिनिटं. संघातल्या एका भावाने आधीच तक्ता करून पाठवला आहे: दिवा म्हणजे देवाचं वचन, तेल म्हणजे पवित्र आत्मा, झोप म्हणजे पाप, तेल विकणारे म्हणजे पाळक, पाच म्हणजे पाच ज्ञानेंद्रियं. हे कशावरून, ते त्यालाही सांगता येत नाही. मला तीन ठिकाणी अडतं. तेलाचा अर्थ ठरवायचा कसा? शहाण्या मुलींनी तेल दिलं नाही, हा स्वार्थ नव्हे का? आणि शेवटच्या त्या बंद दाराची मला लहानपणापासून भीती वाटते. ते इतरांपुढे कसं मांडू?

उत्तर

सप्रेम नमस्कार. इतर वाचकांसाठी गोष्ट थोडक्यात: दहा कुमारी दिवे घेऊन वराला सामोऱ्या निघतात, त्याला उशीर होतो, पाच मूर्ख जणींचं तेल संपतं, पाच शहाण्या त्यांना आपलं देत नाहीत, आणि त्या तेल आणायला गेलेल्या असताना वर येतो आणि लग्नघराचं दार बंद होतं.

आधी तक्त्याचं बघू. तो फेकून देऊ नका, पण सुरुवातीलाच सगळ्यांच्या हातात देऊही नका. एकदा ‘तेल म्हणजे अमुक’ असं पहिल्या दोन मिनिटांत ठरलं की पुढची अडतीस मिनिटं कोणी दाखला वाचत नाही, सगळे तक्ता वाचतात. दाखल्यातल्या काही वस्तू अर्थ वाहून नेतात आणि काही नुसती गोष्ट पुढे ढकलतात. कोणती वस्तू कुठल्या कामाची, हे ओळखण्यातच निम्मा अभ्यास आहे.

येशूने स्वतः अर्थ सांगितला तेव्हा काय केलं ते पाहा. शेतातल्या निदणाचा, म्हणजे तणाचा, दाखला त्याने शिष्यांना उलगडून सांगितला (मत्तय १३:३६–४३). पेरणारा, शेत, चांगलं बी, निदण, वैरी, कापणी आणि कापणारे अशा सात गोष्टींना त्याने अर्थ दिले. पण त्याच दाखल्यात लोक झोपलेले असताना वैरी येतो, त्या झोपेला अर्थ दिला नाही. ‘निदण उपटून टाकू का?’ असं विचारणाऱ्या दासांना दिला नाही. पेंढ्यांना नाही, कोठारालाही नाही. म्हणजे खुद्द सांगणाऱ्यानेही सगळ्याच वस्तूंना अर्थ चिकटवले नाहीत. तुमच्या त्या भावाला हा उतारा आधीच वाचायला द्या. चारचौघांत खोडून काढण्यापेक्षा हे बरं.

त्याचा उत्साह नवा नाही, हेही त्याला सांगा. पाच म्हणजे पाच ज्ञानेंद्रियं, हे संत ऑगस्टीनने एका प्रवचनात म्हटलेलं आहे. त्याच ऑगस्टीनने चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात जखमी माणसाला आदाम ठरवलं, उतारशाळेला मंडळी आणि उतारशाळेच्या मालकाला थेट प्रेषित पौल. त्यात भक्ती आहे, देखणी रचनाही आहे. पण ‘माझा शेजारी कोण?’ हा जो प्रश्न विचारल्यामुळे ती गोष्ट सांगितली गेली, तोच प्रश्न त्या मांडणीत बाजूला पडतो. पुढे १८८८ आणि १८९९ साली आडोल्फ यूलिखर या जर्मन अभ्यासकाने दोन खंड लिहून उलट टोक गाठलं: दाखल्याला एकच मुद्दा असतो, बाकी सगळी सजावट. आमच्या मते हेही ताणलेलंच आहे, कारण वर पाहिलेले सात अर्थ मग कुठे ठेवायचे? खरी वाट या दोहोंच्या मधून जाते आणि ती मजकुराला धरूनच सापडते.

कागदाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे दहाही जणींत काय सारखं आहे ते लिहा. दहाही कुमारी. दहाही वराला सामोऱ्या निघाल्या. दहाही जणींकडे दिवे. वराला उशीर झाला तेव्हा दहाही पेंगल्या आणि झोपी गेल्या. मध्यरात्री हाक आली तेव्हा दहाही उठल्या, दहाही जणींनी दिवे नीट केले. आता उजवीकडे फरक लिहा. तिथे एकच ओळ येते: पाच जणींनी दिव्यांबरोबर कुप्यांत तेल घेतलं होतं, पाच जणींनी नाही.

ही यादी मुलांच्या हाताने होऊ द्या, कारण तिच्यामुळे तक्त्यातली निम्मी कलमं आपोआप गळतात. झोप म्हणजे पाप असेल तर शहाण्याही पापी ठरतात, पण गोष्ट त्यांना बोल लावत नाही. पाच म्हणजे ज्ञानेंद्रियं असतील तर ती दोन्ही बाजूंना आहेत, मग फरक कशाने पडला? तेराव्या वचनातल्या ‘जागृत राहा’चा अर्थही इथेच सरळ होतो. डोळे मिटणं हा दोष नाही. झोप लागली तरी चालेल इतकी सोय आधी केलेली असणं, हे ते जागेपण आहे.

आता त्या फरकाजवळ थोडं थांबा. मूर्ख मुली आळशी नव्हत्या. वेळेवर निघाल्या, बरोबर जागी थांबल्या, त्यांचे दिवेही जळत होते. आठव्या वचनात त्या ‘आमचे दिवे विझत आहेत’ म्हणतात, म्हणजे तोवर जळत होतेच. मूळ ग्रीक शब्द ‘लाम्पास’ आहे, त्याचा अर्थ दिवा किंवा मशाल असा दोन्ही होऊ शकतो. घरात दिवठणीवर ठेवतात त्या दिव्यासाठी मत्तय ५:१५ मध्ये ‘लुख्नोस’ हा वेगळा शब्द आहे. दिवा धरा की मशाल, वरून तेल घालावंच लागतं. तेल सरलं की वात स्वतःच जळायला लागते, धूर येतो, टोकाशी लाल ठिपका उरतो. काजळी झाडून तो परत पेटत नाही. मुलींनी काजळी झाडली, आणि नेमकं तेव्हाच कळलं की वातीत काही बिघाड नाही, खाली तेलच नाही.

म्हणजे वर वेळेवर आला असता तर शहाणी कोण आणि मूर्ख कोण हे कोणालाच कळलं नसतं. फरक उघडा पाडला तो उशिराने. आमच्या मते या दाखल्याचा कणा तेल नसून उशीर आहे, आणि हे ताडून बघता येतं. २४:४८ मध्ये दुष्ट दास म्हणतो, ‘माझा धनी यायला उशीर करतोय’. २५:५ मध्ये वराला उशीर होतो, ग्रीकमध्ये क्रियापद तेच. २५:१९ मध्ये रुपयांच्या दाखल्यातला धनी ‘बऱ्याच काळानंतर’ परततो. एकाच बैठकीत, जैतुनांच्या डोंगरावर, शिष्यांना सांगितलेल्या या तीन गोष्टी आहेत. दासाची चूक अशी की त्याने धरून ठेवलं, धनी उशिरा येणार. मुलींची चूक नेमकी उलटी: त्यांनी धरून ठेवलं, वर लवकर येणार. दोन उलट अंदाज शेजारी शेजारी ठेवले आहेत आणि दोन्ही फसले आहेत. ‘तो दिवस व ती घटका तुम्हांला ठाऊक नाही’ हे वाक्य त्यांच्यानंतर येतं, ते उगाच नाही.

मग तेलाचं काय? त्यासाठी एक सोपी कसोटी वापरा. सुचवलेला अर्थ आठव्या, नवव्या आणि दहाव्या वचनात ‘तेल’ या शब्दाच्या जागी घाला आणि मोठ्याने वाचा. कुठे अडखळतं ते ऐका.

‘पवित्र आत्मा’ घालून पाहा. या अर्थाला जुन्या करारात आधार आहे: अभिषेकाचं तेल आणि आत्मा १ शमुवेल १६:१३ मध्ये एकत्र येतात, आणि जखऱ्याच्या चौथ्या अध्यायात दीपवृक्षाच्या दृष्टान्ताजवळच ‘बळाने नव्हे तर माझ्या आत्म्याने’ हे शब्द आहेत. पण नववं वचन वाचा: ‘विकणाऱ्यांकडे जा आणि आपल्यासाठी पवित्र आत्मा विकत घ्या.’ इथे जीभ अडखळते. प्रेषितांची कृत्ये ८:१८–२० मध्ये आत्मा देण्याचा अधिकार मिळावा म्हणून शिमोनाने पैसे पुढे केले तेव्हा पेत्र त्याच्यावर किती कडाडला! धर्मसुधारणेच्या परंपरेत तेल म्हणजे विश्वास, असं वाचलं गेलं. ‘तुमच्या विश्वासातला थोडा आम्हांला द्या’ याला शहाण्यांचं ‘नाही’ अगदी नीट बसतं, विकत घेण्यापाशी मात्र पुन्हा खटकतं. ‘पैशांवाचून विकत घ्या’ हे यशया ५५:१ आठवून वाट काढता येते, पण ती बाहेरून आणलेली वाट झाली. ‘सत्कर्मं’ या अर्थाला मत्तयातच चांगला आधार आहे: ५:१६ मध्ये तुमचा उजेड लोकांसमोर पडो, म्हणजे ते तुमची सत्कर्मं पाहतील, असं म्हटलंच आहे.

विकणाऱ्यांच्या बाबतीत तर जुन्या थोरांमध्येही मेळ नाही. क्रिसोस्तोम या प्राचीन ग्रीक प्रवचनकाराने तेल म्हणजे दया आणि दानधर्म मानून विकणारे म्हणजे गरीब, असं सांगितलं: त्यांना द्या, तेल मिळेल. ऑगस्टीनला तेच विकणारे खुशामतखोर वाटले, स्तुती विकणारे. दोघेही मोठे, आणि अर्थ दोन ध्रुवांवर. एखाद्या वस्तूला इतके उलट अर्थ सारख्याच सहजपणे बसत असतील, तर ती वस्तू अर्थ वाहायला ठेवलेली नाही असं समजायला हरकत नाही. विकणारे गोष्टीत आहेत ते मूर्ख मुलींना दारापासून दूर न्यायला. क्रिसोस्तोमबद्दल एक मात्र सांगू: गरिबांपाशी जाऊन तो कथेबाहेर पडला, पण पोचला तिथेच जिथे हा अध्याय संपतो. भुकेल्याला अन्न आणि उघड्याला वस्त्र, २५:३१–४६. तुमच्या गटात कोणी हा अर्थ मांडला तर लगेच कापू नका.

आमचं उत्तर विचाराल तर असं: तेल काय आहे, हे त्याच्याशी काय करता येतं आणि काय करता येत नाही यावरून गोष्ट स्वतःच सांगते. ते आधी साठवावं लागतं. ते दिसत नाही, कुपीत असतं. दिसतो तो दिवा. ते ऐन वेळी दुसऱ्याकडून उसनं घेता येत नाही. एवढं पुरेसं आहे. आज्ञापालन, प्रार्थनेची सवय, क्षमा, विश्वास, यांपैकी जे जे या तीन खुणांना उतरतं ते सगळं त्या कुपीत मावतं. एकच नाव द्यायचा हट्ट धरला की बाकीची बाहेर सांडतात.

आणि एक बारीक गोष्ट, जी घाईत हमखास निसटते. मूर्ख मुली तेल आणायला गेल्या. ते मिळालं की नाही, हे दाखला सांगतच नाही. त्या परत येऊन ‘प्रभू, प्रभू, आमच्यासाठी दार उघडा’ म्हणतात. वर ‘तेल आणलं का?’ असं विचारत नाही. तो म्हणतो, ‘मी तुम्हांला ओळखत नाही.’ तेल हा काही आत शिरायचा परवाना नव्हता. तेल नसल्यामुळे त्या वर आला त्या क्षणी तिथे नव्हत्या, आणि शेवटी प्रश्न उरला तो ओळखीचा. आता मत्तय ७:२१–२७ उघडा. ‘प्रभू, प्रभू’ तिथे आहे. ‘मला तुमची ओळख कधीही नव्हती’ तिथे आहे. लगेच खाली शहाणा आणि मूर्ख घर बांधणारे आहेत, आणि ग्रीकमधली विशेषणं तीच, ‘फ्रोनिमोस’ आणि ‘मोरोस’. तिथे शहाणपणाचा अर्थ अगदी उघड दिला आहे: ही वचनं ऐकून त्याप्रमाणे करणारा. घराचा पायाही दिसत नाही, कुपीतल्या तेलासारखाच. तो दिसतो पूर आल्यावर. आमच्या लेखी हा संदर्भ तक्त्यातल्या कुठल्याही कलमापेक्षा भक्कम आहे, कारण तो त्याच लेखकाच्या हातचा आहे.

वराबद्दल शंका ठेवू नका. होशेय २:१९–२० आणि यशया ६२:५ मध्ये देव स्वतः वर आहे, आणि मत्तय ९:१५ मध्ये येशू हा शब्द स्वतःसाठी वापरतो. हे पक्कं प्रतीक आहे. वधू मात्र गोष्टीत नाही; काही हस्तलिखितांत पहिल्या वचनात ‘आणि वधूला’ एवढी भर आहे, बाकीच्यांत तीही नाही. त्यामुळे ‘दहा वधू’ म्हणू नका. या सामोऱ्या जाणाऱ्या मुली आहेत. सहाव्या वचनातलं ‘सामोरं जाणं’ म्हणजे ‘आपान्तेसिस’. हाच शब्द प्रे. कृत्ये २८:१५ मध्ये आहे: रोममधले बंधू पौलाला भेटायला अप्पियाच्या पेठेपर्यंत चालत आले. वाटेत गाठून पाहुण्याला मानाने घेऊन यायचं, असं ते काम. त्यात हातातला उजेड शोभेचा नाही, तेच त्यांचं काम आहे.

यावरून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. शहाण्यांचं उत्तर नीट वाचा: ‘आम्हांला आणि तुम्हांला कदाचित पुरणार नाही.’ तेल वाटलं असतं तर पाचाचे दहा दिवे झाले असते आणि वाटेतच दहाही विझले असते. वर अंधारात आला असता. गोष्टीच्या आत हा हिशेब आहे, कंजूषपणा नाही. तरीही कोणी म्हणेल, ‘जो मागतो त्याला दे’ हे येशूचेच शब्द आहेत (५:४२). बरोबर आहे. म्हणून लूक ११:५–८ शेजारी ठेवा. तिथेही मध्यरात्र आहे, तिथेही दार बंद आहे, तिथेही कोणीतरी मागतो आहे, आणि तिथे भाकरी मिळते. भाकरी मध्यरात्री देता येते. काही गोष्टी कितीही प्रेम असलं तरी एकाने दुसऱ्यासाठी करून ठेवता येत नाहीत, आणि तेलाच्या जागी तसलं काही आहे एवढंच नववं वचन सांगतं. शिवाय दाखल्यातलं पात्र जे करतं ते सगळंच अनुकरणासाठी नसतं. लूक १८ मधल्या अन्यायी न्यायाधीशाकडे बोट दाखवून ‘देव असा आहे’ असं कोणी म्हणत नाही. वागणं कशासाठी आणलं आहे ते बघायचं.

एक धोका आधीच सांगून ठेवतो. मध्ययुगात काही ठिकाणी शहाण्या म्हणजे ख्रिस्ती मंडळी आणि मूर्ख म्हणजे यहूदी, अशी वाटणी केली गेली. गटात कोणी शहाण्या म्हणजे आपण आणि मूर्ख म्हणजे ते, अशा सुरात बोलू लागलं, मग ‘ते’ कोणीही असोत, तर तिथेच थांबवा. दाखला यहूदी शिष्यांना खासगीत सांगितलेला आहे आणि दहाही मुली आतल्याच आहेत. पाचास पाच ही तारण पावणाऱ्यांची टक्केवारीही नाही.

चाळीस मिनिटांची वाटणी अशी करून बघा. वाचनाला सहा: एकाच वाचकाने दोनदा वाचावं, आणि दुसऱ्या वेळी पाचव्या वचनानंतर पूर्ण वीस सेकंद गप्प राहावं. मुलं चुळबुळतील, चुळबुळू द्या. उशीर असाच असतो. रेघेच्या कागदाला सात. तेलाच्या कसोटीला बारा. नकाराला सात. उरलेली आठ दारासाठी, आणि ती आधीच्या चर्चेत जाऊ देऊ नका. वेळ कमी पडला तर वधूचा आणि दिव्याच्या शब्दाचा भाग गाळा. सातव्या अध्यायाचा संदर्भ गाळू नका.

दाराबद्दल तुम्ही जे लिहिलं आहे ते गटात सांगितलंत तरी चालेल. तिथे तशी भीती असलेले आणखी कोणी असतील. दार मऊ करू नका. ‘ते परत उघडलं असेलच’ असं म्हणणं म्हणजे गोष्ट बदलणं. पण ही गोष्ट कोणाला आणि कधी सांगितली ते बघा. लगेच पुढे, २६:२ मध्ये, वल्हांडण या यहूदी सणाला दोन दिवस उरले आहेत. ऐकणारे शिष्य आहेत. त्यांना ‘जागृत राहा’ हे शब्द गेथशेमानेत पुन्हा ऐकायला मिळतात, आणि ते झोपतात. मग पेत्र देवडीपाशी दोनदा म्हणतो, ‘मी त्या माणसाला ओळखत नाही’ (२६:७२, ७४). ‘ओळखत नाही’ हे शब्द ग्रीकमध्ये अक्षरशः तेच आहेत जे दाखल्यातला वर उच्चारतो. मत्तयाने ते एका अध्यायाच्या अंतरावर ठेवले आहेत.

शेवटच्या आठ मिनिटांत २५:११–१२ आणि २६:६९–७५ एकापाठोपाठ वाचून घ्या. मध्ये काही बोलू नका. मग २८:१६ वाचा: गालीलातल्या डोंगरावर गेलेले शिष्य अकरा आहेत. बारांतून कोण कमी झाला ते मुलांना मोजायला सांगा, आणि पेत्र कुठे आहे ते विचारा.